टपावरचे अठ्ठावन्न किलो

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतेय. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या स्वयंपाकघरात भांडी वाजतात... आणि दर वेळी माझा एकच प्रश्न असतो — अहो, पण तुम्ही मोजलं का? वारा होता का, मांजर होतं का, दिवा चालू होता का? कुणीच काही मोजलेलं नसतं. मी सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. पाकीट आलं की नोंद, गेलं की नोंद. त्यात आमचं घर बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेलं. आत्मा, पिंड, कावळा हे काही आमच्याकडे चालत नाही. त्यामुळे भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि हे सगळं लिहून झाल्यावरही तो बसेल असं वाटत नाही. अडचण एवढीच की माझ्याकडे वजनकाट्याच्या पावत्या आहेत, आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. त्या वैतागातूनच लिहितेय.

आम्ही परभणीत राहतो, जिंतूर रोडच्या बाजूला. आमचे मिस्टर, विलास, पालमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. मुलगी नोकरीनिमित्त बाहेर. दारात एक मध्यम आकाराची एसयूव्ही. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत चहा पिता पिता हे म्हणाले, "गाडीच्या टपावर बसवतात तसला तंबू घेऊ या का? येलदरीला जाऊ. एक रात्र पाण्याकाठी राहू."

मी लगेच वही काढली. कारण वर्षभरात या माणसानं स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. पेपर येऊन पडायचा, घडी मोडायची नाही. शाळेतून यायचे आणि खुर्चीत बसायचे. गाडी एवढी उभी राहिली की बॅटरी उतरली. यांचे मित्र उत्तमभाऊजी गेले, तेव्हापासून हे असं.

उत्तमभाऊजींबद्दल सांगणं भाग आहे. कॉलेजपासूनची जोडी. ते चुडाव्याचे, रेल्वेनं रोज परभणीला येऊन कारकुनी करायचे. लग्न केलं नाही, त्यामुळे त्यांचा रविवार आमच्याकडे. आम्ही सिनेमाला निघालो की तिसरं तिकीट त्यांचं. मुलीच्या बारशाचे पेढे माझ्याआधी त्यांनी वाटले. मी वैतागायचे, उघड वैतागायचे, आणि ते हसत म्हणायचे, "वैनी, मी मागं बसतो, माझी काय अडचन न्हाई."

चार वर्षांपूर्वी आम्ही येलदरीला निघालो होतो. हे, मी, मुलगी, तिची मैत्रीण आणि जेवणाचे डबे. गाडी सुरू झाली आणि फाटकात उत्तमभाऊजी, हातात पिशवी. म्हणाले, "जागा हाय का वैनी? पूर्णेच्या पाण्यात पोहायला शिकलो, सारा जलम त्या पाण्याकडं गेला, आन् ते सोडतेत कुठून ते आजून डोळ्यानं बघितलं न्हाई."

मी म्हटलं, "भाऊजी, यादीत तुमचं नाव नाही."

थट्टेनं म्हटलं होतं... बरंचसं. ते हसले. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आमच्या गाडीचं नीट न लागलेलं मागचं दार स्वतः लावलं आणि हात हलवला. डबे मांडीवर घेतले असते तर एक माणूस मावला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढे दोन वर्षांनी त्यांचं दुखणं निघालं. चुडाव्याहून ये-जा जमेना, म्हणून आमच्याच घरी आणलं. त्यांची फाईल, गोळ्यांच्या वेळा, दर सोमवारचं वजन, सगळं मी लिहायचे. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, "पुढच्या खेपेला माझं नाव लिव्हा वैनी. तुमी लिव्हलं की ते व्हतंय." मी म्हटलं, लिहिते. लिहिलं नाही. ती खेप होणार नाही हे दिसत होतं, आणि न होणाऱ्या गोष्टींची यादी मी करत नाही.

असो. तंबूकडे येते.

टपावरचा तंबू घेणं म्हणजे डोक्याला किती ताप आहे, हे ज्यांनी घेतलाय त्यांनाच कळेल. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय — चालत्या गाडीच्या टपावर जास्तीत जास्त पंच्याहत्तर किलो, कॅरिअर धरून. गाडी उभी असताना किती चालतं, याबद्दल पुस्तक गप्प. तंबूच्या दुकानदारांचं म्हणणं, उभ्या गाडीला तिप्पट तरी चालतं. कशावरून? "सगळे झोपतेत की मॅडम." हे उत्तर.

नांदेडला गाड्यांचं सामान विकणारे एक गजाननराव आहेत. त्यांच्याकडे तीन तंबू होते. पहिला दोघांचा, कापडी, घडी उलगडून शिडीसकट बाहेर येणारा. दुसराही दोघांचाच, पण कडक पेटीचा, खटका दाबला की टप्पकन वर होणारा. तिसरा कापडीच, पण रुंद, तिघांचा. हे पहिल्यापासून पेटीच्या प्रेमात. मला काळजी वजनाची. पेटीचं वजन गजाननराव फोनवर बासष्ट सांगायचे, त्यांनीच पाठवलेल्या कागदावर अडुसष्ट होतं, आणि खोक्यावरच्या चिठ्ठीत चौऱ्याहत्तर! मी विचारलं, यातलं खरं कोणतं? म्हणाले, "मॅडम, कशाला टेन्शन घ्यायलात, सहा-सात किलोनं काय व्हतंय?" औषधांच्या भांडारात सहा-सात गोळ्यांनी काय होतं, ते मी त्यांना सांगत बसले नाही. म्हटलं, दोन्ही दोघांचे तंबू घेऊन परभणीला या. काट्यावर लावू, मग बोलू.

आमच्याकडे वजनाचा प्रश्न आला की दुसरं काही सुचत नाही. कापूस काट्यावर, सोयाबीन काट्यावर, मग तंबूनं काय पाप केलंय? आमच्या घरापासून पुढे एका कापसाच्या जिनिंगजवळ ट्रकचा वजनकाटा आहे. तो रहीममामू चालवतात. साठीचे गृहस्थ, कानाला मफलर, समोर आकड्यांचा डबा आणि पावती छापायचं यंत्र. रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही तिथे. थंडीचे दिवस, ऊन स्वच्छ, वारा बिलकूल नाही. समोरच्या लिंबाचं पानही हलत नव्हतं — हे मी वहीत लिहिलंय.

टाकी फुल्ल, माणसं खाली, टप मोकळा. तेराशे पंचेचाळीस. मामू म्हणाले, "माल काय लिहू?" प्रत्येक पावतीवर मालाचा रकाना असतो. म्हटलं, गाडी लिहा.

मग कॅरिअर आणि पहिला कापडी तंबू, मिटलेला. चौदाशे. म्हणजे दोन्ही मिळून पंचावन्न. हिशोब छान जुळला. गजाननराव खूश. म्हणाले, उघडून पण दाखवतो. तंबू उघडला, शिडी खाली टेकवली. मी सहज आकड्यांकडे पाहिलं.

चौदाशे पंचावन्न. लगेच चौदाशे साठ. परत पंचावन्न.

मला पहिल्यांदा रागच आला. मिटलेल्या वस्तूचं वजन उघडल्यावर वाढतं का? म्हटलं, मामू, काटा बिघडला. मामूंना ते लागलं. त्यांनी गाडी खाली घ्यायला लावली, काटा शून्यावर आणून दाखवला. तेवढ्यात मागे कापसाचा एक ट्रक येऊन उभा होता, तो चढवला, त्याच्या सकाळच्या पावतीशी पडताळला. तंतोतंत. आमची गाडी परत चढवली. तंबू मिटलेला — चौदाशे. उघडला — पुन्हा पंचावन्न-साठचा नाच. "काटा पाचा-पाचानं चालतोय मॅडम," मामू म्हणाले. "मदला आकडा आसला की असा नाचतोय. खोटं न्हाई बोलत तो."

शिडी काट्याच्या बाहेर टेकली असेल म्हणून पाहिलं. आतच होती, आणि बाहेर असती तर वजन कमी भरलं असतं, जास्त नाही. गाडी पुढे घेतली, मागे घेतली, उलटी उभी केली. तोच आकडा. शेवटी म्हटलं, हा तंबूच विचित्र आहे, काढा. गजाननराव वैतागले, पण काढला. त्यांनी आणि यांनी मिळून कडक पेटी चढवली. मिटलेली पेटी, चौदाशे वीस. म्हणजे कॅरिअर धरून पंच्याहत्तर, अगदी काठावर. मनात म्हटलं, चला, हे तरी कळलं. मग खटका दाबला. पेटी वर झाली.

चौदाशे पंच्याहत्तर. ऐंशी. पंच्याहत्तर.

दोन वेगळे तंबू, आणि जादा वजन तेवढंच. मामू खिडकीतून उठून बाहेर आले, गाडीला एक फेरी मारली, वर मान करून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, आत कुनी बसलंय का?"

म्हटलं, कुणी नाही, तुमच्यासमोर तर उघडला. तेवढ्यात हे कुणाला न विचारता शिडीवर चढले आणि आत जाऊन आडवे झाले. मला वाटलं, यांनाही तपासायचं असेल. यांचं वजन सत्तर. काटा पंधराशे पन्नासच्या आसपास नाचला. म्हणजे हे धरूनही जादा ते जादाच. मी शिडीवर दोन पायऱ्या चढून आत डोकावले. सगळी गादी मोकळी असताना हे अगदी कडेला, कापडाला चिकटून पडलेले. म्हटलं, असं काय झोपलात? मधोमध झोपा की.

हे म्हणाले, "का कोण जाणे, जागा सोडली."

एवढंच. पण त्यांचा चेहरा... वर्षभरात तसा मोकळा चेहरा पाहिला नव्हता. माझं मात्र डोकं फिरलं. मी सगळ्यांना घरी पाठवलं — म्हणजे गजाननरावांना नांदेडला आणि आम्हाला घरी. निघताना गजाननराव म्हणाले, "मॅडम, बाकीचे लोक रंग बघून घेतेत हो."

दुपारी जेवणानंतर आकडे नीट उतरवायला बसले. मी कुठलीही वही अर्धी टाकत नाही. शेवटचं पान भरेपर्यंत नवी काढत नाही. तंबूंचा तक्ता मी मागच्या वर्षीच्या वहीत, उरलेल्या पानांवर केला होता. 'उघडल्यावर जादा' असा नवा रकाना आखायला जागा पुरेना, म्हणून अलीकडचं पान उलटलं. ते उत्तमभाऊजींचं पान होतं. सोमवारची वजनं. चौऱ्याहत्तर, एकाहत्तर, सहासष्ट, एकसष्ट. शेवटची नोंद अठ्ठावन्न.

पंचावन्न आणि साठच्या मध्ये.

मी वही मिटली. मग उघडली. मग चिडले. हे काय, आता मीही असलं काही जुळवत बसणार का? हजार गोष्टी अठ्ठावन्न किलोच्या असतात. पण काट्यावर त्या दिवशी त्यातली एकही नव्हती. यांना हाक मारली आणि पान पुढे केलं. वाटलं होतं, विज्ञानाचे मास्तर आहेत, काहीतरी कारण सांगतील. यांनी चष्मा लावला, पान वाचलं आणि परत दिलं.

"तू त्याला नाव लिहिते म्हणाली होतीस ना?"

म्हणजे हे त्या दिवशी दाराशी होते, त्यांनी ऐकलं होतं. आणि वर्षभर मला एका शब्दानं बोलले नव्हते. मला त्याचाच जास्त राग आला. म्हटलं, मग सांगायचं होतं! तर म्हणाले, "तुझी यादी. मी कसं सांगणार?"

संध्याकाळी मी गजाननरावांना फोन केला आणि तिसरा तंबू मागवला, तिघांचा. त्यांनी विचारलं, दोघांना एवढा कशाला? पेटी किती देखणी आहे. म्हटलं, पेटी काठावर बसते, आणि पाय पसरायला जागा लागते. मग येलदरीची यादी केली. वर नेहमीसारखी माणसं. एक, हे. दोन, मी. तिथे पेन थांबलं. असल्या गोष्टी न मानणारी बाई मी, आणि सव्वीस वर्षांत चुकीची नोंद एकही केलेली नाही. तरी लिहिलं — तीन, उत्तमभाऊजी. खाली ताटं तीन, कप तीन. हे वाचून तुम्ही हसणार असाल तर हसा, मी तुमच्या जागी हसलेच असते.

पुढच्या शनिवारी सकाळी निघालो. वाटेत काटा लागतोच, त्यामुळे थांबलो. टाकी फुल्ल, सामान आणि पाण्याचे कॅन धरून, तंबू मिटलेला, चौदाशे पंचाण्णव. उघडला — पंधराशे पन्नास, पंचावन्न. मामूंनी पंचावन्नवर पावती छापली. मीच म्हटलं, परत येताना पुन्हा लावते. तेव्हा त्यांनी तो आकडा भरलेल्या गाडीचा म्हणून ठेवून दिला, ट्रकचा ठेवतात तसा.

येलदरीला काय झालं? काहीही नाही. निराश होऊ नका. धरणाच्या अंगाला रीतसर विचारून एका मच्छीमार कुटुंबाच्या बांधावर गाडी लावली. पाणी पाहिलं, तीन कप चहा ओतला, तिसरा गार झाल्यावर यांनी प्यायला. मी रात्रभर गाढ झोपले. आवाज नाही, सावली नाही, स्वप्नही नाही. सकाळी उठले तर हे आधीच पाण्याकडे तोंड करून दगडावर बसले होते आणि बोलत होते. मोठ्यानं नाही, रोजच्या आवाजात. धरणाचं दार कसं उघडतं, पाणी कुठून निघतं, पुढे सिद्धेश्वरला कसं जातं, मग पूर्णेला... शाळेत शिकवतात तसं. मी मागे फिरले. मोजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

येताना मी एकही फट ठेवली नाही. कॅन पुन्हा काठोकाठ भरले. जेवढा शिधा संपला तेवढा जिंतूरच्या दुकानातून तोलून घेतला. कचऱ्याची पिशवी तिथेच रिकामी केली. परभणीत शिरण्याआधी टाकी पुन्हा फुल्ल. काट्यावर गाडी चढवली, उतरलो. तंबू मिटलेला — चौदाशे पंचाण्णव.

उघडला.

चौदाशे पंचाण्णव.

आकडा नाचला नाही. आम्ही तिघं, हे, मी आणि मामू, डब्याकडे बघत उभे. मी मिटवून परत उघडायला लावला. चौदाशे पंचाण्णव. हे शिडीवर चढून आत गेले आणि मधोमध आडवे झाले.

मामूंनी पावती छापायला घेतली. भरलेली गाडी पंधराशे पंचावन्न, रिकामी गाडी चौदाशे पंचाण्णव, निव्वळ माल साठ. मग त्यांनी बटणांवर बोट तसंच ठेवलं.

"माल काय लिहू मॅडम?"

तेव्हापासून तो तंबू मी घरी चार वेळा आणि काट्यावर दोन वेळा उघडलाय. मिटलेला आणि उघडा, वजन तेच. काटा तपासणारे साहेब येऊन गेले, मामूंचा काटा बरोबर निघाला. यांच्या शाळेतल्या दुसऱ्या विज्ञान शिक्षकांना सगळे आकडे दाखवले, ते दोन दिवसांनी म्हणाले की कुठेतरी नोंदीत चूक असणार. मी त्यांच्याशी आता बोलत नाही. हे परत पेपर वाचतात, आणि कुठल्या धरणावर कधी जायचं याच्या सूचना मला करतात, म्हणजे वैताग आहेच. वाचकांपैकी कुणाला वजनकाट्याची खरीखुरी माहिती असेल तर कळवा. मला कारण हवंय. सांत्वन नको.

ती पावती वहीत त्याच पानावर चिकटवलीय. मालाचा रकाना मोकळा आहे. सव्वीस वर्षांत मी मोकळा सोडलेला तो पहिला रकाना. मामूंना मीच सांगितलं, ऱ्हाऊ द्या.